धक्का संपल्यानंतरची शेपटी : सास्तूर-किल्लारीची जमीन आणि विखुरलेल्या लहरी

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं, की 'कणांनी भरलेल्या पदार्थातून लहरी कशा जातात' हा तर पदार्थविज्ञानाचा विषय, तो इतिहासाच्या व्याख्यानमालेत कशाला? आणि त्यातही धाराशिवात? तर उत्तर असं, की या विषयाचा इतिहास सांगायला आम्हाला महाराष्ट्रात याहून योग्य जागा सापडत नाही.

आधी एक नावाची गोष्ट. ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप जगभर 'लातूरचा' किंवा 'किल्लारीचा' म्हणून नोंदला गेला. किल्लारी औसा तालुक्यात, लातूर जिल्ह्यात, ते बरोबरच. पण लातूर जिल्हाच मुळी १९८२ मध्ये उस्मानाबादेतून वेगळा झाला. त्याआधी किल्लारीही याच जिल्ह्याची. आणि तेरणेच्या अलीकडची सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी ही तेव्हाच्या उमरगा तालुक्यातली गावं तर कधी बाहेर गेलीच नव्हती. ती त्याच पहाटे पडली. शास्त्रीय लेखांच्या मथळ्यांत मात्र ती नाहीत. इथल्या माणसांना ही गोष्ट अजून बोचते, आणि ते साहजिक आहे. म्हणून आज आम्ही 'सास्तूर-किल्लारी' असंच म्हणणार.

तर ती पहाट. ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती विसर्जन करून, थकून माणसं झोपलेली. जमिनीखाली काही किलोमीटरवर खडक फाटला. या आकाराच्या भूकंपात, म्हणजे ६.२ च्या आसपासच्या, प्रत्यक्ष फाटणं किती वेळ चालतं? पाच-सात सेकंद. एवढ्यात सगळं संपतं. सुमारे आठ ते दहा हजार माणसं गेली, ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली, आणि ज्यामुळे हे घडलं ती घटना आपण एक श्वास घेऊन सोडतो तेवढ्या वेळाची.

आता इथून दोनशेहून थोड्या जास्त किलोमीटरवर हैदराबादला चला. तिथे भूकंपमापक होता. खडकातून दाबाची लहर सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर जाते. म्हणजे अर्ध्या मिनिटापेक्षा थोड्या जास्त वेळात ती तिथे पोहोचणार. तिच्यामागून आडवी हलवणारी लहर, साडेतीन किलोमीटरच्या वेगाने, पंचवीसेक सेकंद उशिरा. इथे नोंद संपायला हवी, नाही का? फाटणं पाच-सात सेकंदांचं, लहरी दोन, आल्या आणि गेल्या. पण तसं होत नाही. अशा भूकंपाची कुठलीही नोंद काढून बघा. दोन ठळक उसळ्या, आणि त्यांच्यामागे मिनिटामागून मिनिटं हळूहळू विरत जाणारी थरथर. या शेपटीला भूकंपशास्त्रात 'कोडा' म्हणतात. मूळ शब्द इटालियन, अर्थ शेपूटच.

कितीतरी वर्षं या शेपटीकडे कोणी पाहिलंच नाही. पहिल्या दोन उसळ्यांच्या वेळा मोजायच्या, त्यावरून केंद्र काढायचं, आणि कागद फाईलला लावायचा. शेपटी म्हणजे कचरा. खरं तर भूकंपकेंद्रापासून आपल्यापर्यंतच्या वाटेत काय काय आहे, हे सगळं त्या कचऱ्यात लिहिलेलं होतं. ते वाचायची रीत मात्र भूकंपशास्त्रात जन्मली नाही. ती आली धुक्यातून, समुद्रातून आणि ताऱ्यांतून. थोडं तिकडे जाऊन परत येऊ.

घरचंच उदाहरण घ्या. पेलाभर पाणी घ्या, त्यात विजेरी मारा, उजेड सरळ आरपार जातो. त्यात चमचाभर दूध टाका. उजेड आता सरळ जात नाही, पेलाच उजळतो. दुधात स्निग्धाचे बारीक गोळे आणि प्रथिनांचे त्याहून बारीक कण तरंगत असतात. प्रत्येक कण थोडा उजेड भलत्या दिशेला फेकतो, मग पुढचा कण तो पुन्हा फेकतो. साय पुरती काढलेलं दूध किंचित निळसर का दिसतं, हे आपल्या आज्यांना माहीत होतं, निदान तसं दूध पाणचट आहे हे तरी! त्यातले मोठे गोळे निघून गेले की उरलेले अगदी बारीक कण निळा उजेड जास्त विखुरतात.

हा 'निळा जास्त' नियम इंग्लंडातल्या लॉर्ड रॅले यांनी १८७१ मध्ये मांडला. कण लहरीच्या तुलनेत फार लहान असेल तर विखुरणं तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात. म्हणजे लहर निम्म्या लांबीची झाली की विखुरणं सोळापट. हा सोळाचा आकडा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे. आकाश निळं का, याचं उत्तर त्यातून मिळालं. समुद्राचा निळेपणा म्हणजे आकाशाचंच प्रतिबिंब, असं रॅले मानत. १९२१ मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन इंग्लंडहून 'नारकुंडा' बोटीने परतत होते. त्यांना वाटेत ते पटलं नाही. पाण्याचे रेणू स्वतःच उजेड विखुरतात, हे म्हणणं त्यांनी पत्रात लिहून 'नेचर' नियतकालिकाला पाठवलं ते बोट मुंबई बंदरात असताना. म्हणजे या इतिहासातलं एक टपाल मुंबईहून सुटलेलं आहे.

पण रॅले, रामन यांच्या गणितात एक सोय होती. उजेड एकदाच विखुरतो असं धरलं की भागायचं. दाट धुक्यात ते चालत नाही. १९०५ मध्ये आर्थर शुस्टर यांनी धुकट वातावरणातून उजेड कसा जातो यावर लेख लिहिला. त्यांनी एकेका थेंबाचा हिशेब सोडला, आणि पुढे जाणारी ऊर्जा किती, मागे फिरणारी किती, एवढाच जमाखर्च मांडला. याच जमाखर्चाला सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी ताऱ्यांच्या वातावरणासाठी पूर्ण शास्त्राचं रूप दिलं. त्यांचा 'रेडिएटिव्ह ट्रान्सफर' हा ग्रंथ १९५० चा. ताऱ्यांसाठी लिहिलेलं ते गणित पुढे १९८५ मध्ये रु-शान वू यांनी भूकंपलहरींच्या ऊर्जेला लावलं. ताऱ्याचं गणित जमिनीला लागतं, कारण दोन्हीकडे प्रश्न एकच : आत शिरलेली लहर वाट चुकत चुकत बाहेर कधी आणि किती येते?

मधला एक माणूस राहिला, लेस्ली फोल्डी. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या शोधण्यासाठी समुद्रात आवाज सोडत. जहाजामागच्या पाण्यात हवेचे असंख्य बुडबुडे असतात आणि ते आवाजाची वाट लावतात. बुडबुडे कुठे कुठे आहेत हे कोणाला सांगता येणार? फोल्डी यांनी १९४५ च्या लेखात म्हटलं, ते सांगायची गरजच नाही. बुडबुड्यांच्या शक्य असलेल्या सगळ्या मांडण्या मनात धरा आणि लहरीची सरासरी काढा. त्या सरासरी लहरीला वाटतं की आपण एका एकसंध, पण वेगळ्याच पदार्थातून चाललो आहोत. त्या काल्पनिक पदार्थाचे गुण ठरायला दोनच गोष्टी पुरतात. एका घनफळात कण किती, आणि एक कण किती ताकदीने विखुरतो. बस.

ही कल्पना फार देखणी आहे, आणि तितकीच धोक्याची. धोका कुठे ते सास्तूरला परत आलो की कळेल.

आता जपानी भूकंपशास्त्रज्ञ केइटी आकी. १९६६ मध्ये कॅलिफोर्नियात पार्कफिल्डला भूकंप झाला. त्यानंतरच्या छोट्या धक्क्यांच्या नोंदी आकी तपासत होते. त्यांनी शेपट्या एकमेकींवर ठेवून पाहिल्या. सुरुवात वेगवेगळी, कारण धक्क्याची जागा वेगळी, अंतर वेगळं. पण पुरेसा वेळ गेला की सगळ्या शेपट्या एकाच चालीने विरतात! १९६९ च्या लेखात त्यांनी सांगितलं, की ही थरथर म्हणजे जमिनीतल्या असंख्य खाचखळग्यांवरून विखुरून उशिरा परत आलेल्या लहरी. १९७५ मध्ये बर्नार्ड शूए यांच्याबरोबर त्यांनी ते गणित पक्कं केलं.

हे समजायला धाराशिव लेण्यांत जा. मोठ्या दालनात एका कोपऱ्यात टाळी वाजवा, मग दुसऱ्या कोपऱ्यात वाजवा. टाळीचा पहिला आवाज वेगळा येईल, पण मागून घुमत विरणारा आवाज दोन्ही वेळा सारखाच. कारण तो टाळीचा राहिलेला नसतो, तो दालनाचा झालेला असतो. भिंती, खांब, खोल्या यांनी त्याचा ताबा घेतलेला असतो. भूकंपाच्या शेपटीचं तसंच आहे.

आणि याचा पुरावा आकाशातून आला, त्याच वर्षी. २० नोव्हेंबर १९६९ ला अपोलो १२ च्या अंतराळवीरांनी काम झालेलं चांद्रयान मुद्दाम चंद्रावर आदळवलं. तिथे ठेवलेला मापक जवळपास तासभर थरथरत राहिला. पृथ्वीवर एवढ्या आघाताची नोंद काही मिनिटांत विरली असती. चंद्राच्या वरच्या थराचा उल्कांनी चुरा केलेला आहे, म्हणून विखुरणं प्रचंड; आणि तिथे पाणी नाही, म्हणून ऊर्जा मुरत नाही. नुसती भटकत राहते.

हा फरक नीट पकडा, कारण पुढचा सगळा वाद त्यावर आहे. लहर अशक्त होते ती दोन कारणांनी. एक, तिची ऊर्जा घर्षणाने उष्णतेत मुरते. दोन, ती मुरत नाही, फक्त इकडेतिकडे पांगते. पहिलं म्हणजे पैसा खर्च होणं, दुसरं म्हणजे पैसा दहा जणांकडे उसना अडकणं. खिसा दोन्हीकडे रिकामाच, पण दुसऱ्यातला थोडा थोडा परत येत राहतो. शेपटी म्हणजे ती उशिरा आलेली वसुली.

आता आपल्या जमिनीकडे. धाराशिव जिल्हा सगळा दख्खनच्या काळ्या कातळावर, लाव्ह्याच्या थरांवर थर. विहीर खणणाऱ्यांना विचारा, ते पुस्तकापेक्षा नेमकं सांगतात. वर काळी माती, मग मुरूम, मग कुठे मांजऱ्या, कुठे काळा पाषाण, मधेच तांबड्या मातीचा पट्टा. मांजऱ्यात बारीक पोकळ्या असतात, पुष्कळदा पांढऱ्या खनिजांनी भरलेल्या. बेफाम विखुरलेले कण असलेला पदार्थ म्हणून याहून चांगला नमुना कुठे मिळणार, असं आम्हालाही आधी वाटलं होतं.

पण हिशेब करून बघा. भूकंपाची आडवी लहर कातळात सेकंदाला साधारण तीन किलोमीटर जाते. सेकंदाला तीन हेलकावे असले तर एक लहर एक किलोमीटर लांब. दहा हेलकावे असले तरी तीनशे मीटर. एवढ्या लांब लहरीला बोराएवढी पोकळी दिसेल? मुळीच नाही. तिला वीस-तीस मीटरचा लाव्ह्याचा एक थरही जेमतेम जाणवतो. तिच्या लेखी हा सगळा मांजऱ्या, मुरूम, पाषाण मिळून एकच सरासरी खडक. फोल्डींचा काल्पनिक पदार्थ तो हाच.

मग ती कशावर विखुरते? तिच्याच मापाच्या गोष्टींवर. शेकडो मीटर, किलोमीटरच्या भेगा, जुने भ्रंश, तुटका पट्टा. भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने किल्लारीला ६१७ मीटर खोल वेधछिद्र घेतलं. काळा कातळ ३३८ मीटरवर संपला, त्याखाली आठ मीटरचा गाळाचा थर, आणि मग अब्जावधी वर्षांचा जुना खडक. म्हणजे आपण ज्याला 'आपली जमीन' म्हणतो तो लाव्हा केवळ वरची गोधडी. भूकंप झाला तो तिच्या खूप खाली. तिथे, सहा ते दहा किलोमीटरच्या दरम्यान, वीज सहज वाहून नेणारा पट्टा सापडला. द्रव भरलेल्या भेगांचा तो पट्टा असावा, असा अर्थ अभ्यासकांनी लावला. मापात बसणारे 'कण' हे असे. (माकणीच्या निम्न तेरणा धरणाच्या पाण्याकडेही तेव्हा बोट दाखवलं गेलं. कोयनेला ११ डिसेंबर १९६७ ला घडलेलं ताजं उदाहरण सगळ्यांच्या मनात होतं. पण किल्लारीच्या बाबतीत एकमत झालं नाही, आणि आम्हीही ते इथे उरकून टाकणार नाही.)

शेपटीवरून काढलेल्या आकड्याचा उपयोग काय? तो सांगतो, की या प्रदेशात लहर दर हेलकाव्याला किती अशक्त होते. त्यावरून उद्याचा धक्का कुठवर किती जोराचा पोहोचेल, याचा अंदाज बांधता येतो. कोयना-वारणेच्या छोट्या धक्क्यांच्या शेपट्यांवरून असे आकडे १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे मापकांचं जाळं होतं, नोंदी होत्या. इथे १९९३ पर्यंत काय होतं? भारतीय मानकाच्या नकाशात हा भाग विभाग १ मध्ये, म्हणजे सर्वांत सुरक्षित. सुरक्षित म्हणून मापक नाही, आणि मापक नाही म्हणून नोंद नाही. १९९२ च्या पावसाळ्यापासून किल्लारी परिसरात छोटे धक्के आणि गुरगुर सुरू होती, लोक रात्री बाहेर झोपत होते. त्या धक्क्यांच्या शेपट्या जवळून नोंदल्या गेल्या असत्या तर खालच्या पट्ट्याबद्दल काहीतरी कळलं असतं. मुख्य धक्क्याची जवळून घेतलेली नोंदही नाही. मापक आले ते नंतर, हैदराबादहून आणि जर्मनीहूनही. नकाशा बदलला २००२ मध्ये. विभाग १ हा प्रकारच रद्द झाला आणि हा भाग विभाग ३ मध्ये गेला.

आता तो धोका, जो मघाशी राखून ठेवला. सरासरीचं गणित एक गोष्ट गृहीत धरतं : कण जागच्या जागी राहतात. लहर येते, जाते, दगड जिथे होता तिथेच. खडकात हे खरं आहे. सास्तूरच्या भिंतीत नव्हतं.

इथली जुनी घरं आठवा. दोन फुटांपासून पाच-सहा फुटांपर्यंत जाड भिंती. बाहेरून एक रचाई, आतून एक, मध्ये बारीक दगड आणि मातीची भर. दोन्ही रचायांना बांधणारे आरपार दगड नाहीत. वर माळवद, लाकडावर मातीचा फूट-दोन फूट थर, आणि दर पावसाळ्याआधी त्यात भर. उन्हाळ्यात घर गार, चोराला भिंत फोडता येत नाही, सगळं सोयीचं. कणांनी भरलेला पदार्थच म्हणायचा हा, पण कण धरून ठेवायला मधे फक्त वाळलेली माती. छोट्या हादऱ्याला ही भिंत लहर जिरवते. मोठ्या हादऱ्याला दगड सुटतात, भर खाली बसून पाचरीसारखी दाबते, दोन रचाया एकमेकींपासून फुगतात आणि कोसळतात. या क्षणी 'लहर पदार्थातून जाते' हे वाक्यच खोटं होतं, कारण पदार्थ उरलेलाच नसतो.

जी घरं खणांची होती, म्हणजे ज्यांत माळवदाचा भार लाकडी खांब आणि तुळयांवर होता, तिथे अनेक ठिकाणी भिंती पडूनही सांगाडा उभा राहिला. पाहणी करणाऱ्या अभियंत्यांनी हे नोंदवून ठेवलं आहे. पण त्यानंतर लोकांचा दगडावरचा विश्वास उडाला तो उडालाच. नव्या वसाहतींत सिमेंटची घरं आली.

गंमत म्हणजे त्या सिमेंटच्या घराची तब्येत तपासायची रीतही लहरींचीच. त्यासाठीचं जुनं मानक होतं आयएस १३३११, भाग १, वर्ष १९९२. काँक्रीटच्या एका बाजूने ऐकू न येणारा उच्च आवाज सोडायचा, दुसऱ्या बाजूला तो किती वेळात येतो ते मोजायचं. त्या मानकात वेग सेकंदाला साडेचार किलोमीटरच्या वर असला तर काँक्रीट उत्तम, तीनच्या खाली असला तर शंकास्पद मानलं जाई. इथे लहर सात-आठ सेंटिमीटर लांब आणि खडी दोन सेंटिमीटरची, म्हणजे लहरीला खडी थोडीफार दिसते. पोकळ्या, तडे असले की ती वळसे घेते आणि उशिरा पोहोचते. तीच गोष्ट, फक्त किलोमीटरांऐवजी सेंटिमीटरांत. माती-दगडाच्या जुन्या भिंतीला मात्र ही तपासणी लावता येत नाही. तिथे आवाज पलीकडे पोहोचतच नाही, मधल्या भरीतच हरवतो.

आकींच्या शेपटीचा वाद अजून मिटलेला नाही. एका आकड्यात मुरलेली ऊर्जा किती आणि पांगलेली किती, हे वेगळं काढायच्या रीती १९९० नंतर आल्या, पण त्यांना एकाच धक्क्याच्या वेगवेगळ्या अंतरांवरच्या बऱ्याच नोंदी लागतात. द्रव भरलेल्या भेगांचा पट्टा असेल तर मुरणं वाढणार. नुसताच तुटका, कोरडा खडक असेल तर पांगणं. म्हणजे हा हिशेब नीट झाला तर खाली काय आहे, याच्या उत्तराला हातभार लागेल. त्यासाठी छोटे धक्के लागतात, ते कमी झाले आहेत, आणि त्याबद्दल तक्रार करावी असं कोणालाच वाटत नाही.

शेवटी, व्याख्यानानंतर मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी विचारलेला प्रश्न इथे देतो. ते म्हणाले, "आम्हाला आधी वर्षभर जमिनीतून आवाज येत होता. तोफ उडाल्यागत. हैदराबादच्या यंत्राला तो आवाज ऐकू आला असंल का?"

आम्ही सांगितलं ते असं. आजोबा, तो आवाज म्हणजे दाबाच्या लहरीचा बारीक, जलद भाग. सेकंदाला वीसहून जास्त हेलकावे असले तरच माणसाच्या कानाला ऐकू येतं. अशी लहर आखूड असते, आणि जितकी आखूड तितकी ती वाटेत जास्त विखुरते, जास्त मुरते. मघाचा सोळाचा आकडा रॅलेंनी अगदी लहान कणांसाठी काढला. जमिनीतल्या लहानमोठ्या भेगांना तो जसाच्या तसा लागत नाही, पण दिशा तीच. दोनशे किलोमीटरवर पोहोचेपर्यंत तिच्यातलं जवळपास काही उरत नाही, तिथे जाडा, संथ भाग तेवढा पोहोचतो. तुम्ही धक्क्याच्या डोक्यावर बसला होता, लहरीला वाट होती चार-पाच किलोमीटरची. म्हणून तो आवाज तुम्हालाच ऐकू आला.

आजोबा म्हणाले, "म्हंजी आमच्याशिवाय कुणाकडंच न्हाई तो."

नाही. म्हणूनच त्यांना विचारून आम्ही तो आवाज कोणत्या महिन्यात, दिवसा की रात्री, आधी आवाज की आधी हादरा, हे सगळं लिहून घेतलं. आवाज आधी, असं ते ठामपणे म्हणाले. सास्तूरकडच्या आणखी दोघांनीही तसंच सांगितलं.